उत्तरेच्या वाटेवरील चालतें घर

घर सोडून प्रवासास निघणें आपल्या समाजास नवें नाहीं. पण घरच बरोबर घेऊन प्रवासास निघणें म्हणजे काय, हें आम्हांस आमच्या सत्तराव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतें. आमचे पणजोबा काशीयात्रेस निघाले तेव्हां शिधा, भांडीं, पांघरुणें आणि देव हीं सर्व बैलगाडींत घालून निघाले, अशी घरांत परंपरेनें चालत आलेली कथा आहे. तिचा अर्थ गेल्या जून महिन्याच्या अखेरीस, कॅनडाच्या वायव्य टोंकास असलेल्या युकॉन प्रदेशांत, चिरंजिवांच्या मोटारघरांत बसल्यावर आम्हांस प्रथम नीट कळला.

ज्यांनीं हें वाहन पाहिलें नसेल त्यांच्याकरितां थोडें वर्णन करितों. बाहेरून तें एकाद्या मालमोटारीसारखें दिसतें. आंत शिरलें म्हणजे पुण्यांतील जुन्या वाड्यांतल्या दोन खणी बिऱ्हाडाची आठवण होते. ड्रायव्हरच्या डोक्यावर माळ्यासारखा बिछाना. त्याच्यामागें चौघांनीं बसावयाचें मेज, तेंच रात्रीं मोडून केलेला पलंग. एका अंगास गॅसची शेगडी, भांडीं घासण्याची मोरी आणि शीतकपाट. अगदीं मागें न्हाणीघर. स्वच्छ पाण्याची टाकी पोटांत आणि सांडपाण्याची तिच्या शेजारीं. पांच माणसें आणि एक लहानसा देव्हारा एवढा संसार त्यांत मावला होता. चिरंजिवांनीं हें वाहन जुनें विकत घेतलें होतें. कारण भाड्यानें मोटारघर देणारे कित्येक लोक ज्या रस्त्यावर आपलें वाहन नेऊं देत नाहींत, त्याच रस्त्यानें जाण्याचा आमचा हट्ट होता.

त्या रस्त्याचें नांव डेम्पस्टर महामार्ग. महामार्ग हा शब्द ऐकून वाचकांनीं गुळगुळीत डांबरी सडक डोळ्यांपुढें आणूं नये. सोन्याच्या शोधामुळें एके काळीं गाजलेल्या डॉसन गांवाच्या अलीकडे सुमारें ४० किलोमीटरांवर एक फाटा फुटतो. तेथून हा खडीचा रस्ता सुमारें ७४० किलोमीटर उत्तरेस इनूविक गांवापर्यंत जातो. त्याचें काम १९५९ सालीं सुरू झालें आणि १८ ऑगस्ट १९७९ रोजीं तो वाहतुकीस खुला झाला. आर्क्टिक वृत्त ओलांडणारा कॅनडांतील हा पहिला मोटार-रस्ता. २०१७ सालीं इनूविकच्या पुढेंही सुमारें १४० किलोमीटर रस्ता तयार होऊन तो टुक्टोयाक्टुक येथें थेट आर्क्टिक महासागरास भिडला. फाट्यापासून पहिल्या ३६९ किलोमीटरांत गांव नाहीं, दुकान नाहीं, पेट्रोलचा थेंब नाहीं, आणि खिशांतला फोनही मुका होतो. ३६९ व्या किलोमीटरवर ईगल प्लेन्स नांवाची एकच सराई आहे. तेथें पेट्रोल मिळतें, टायर दुरुस्त होतो आणि चार माणसांचा आवाज कानीं पडतो. आर्क्टिक वृत्त तेथून आणखी ३६ किलोमीटर पुढें, ४०५ व्या किलोमीटरवर.

ह्या आकड्यांचा घोळ आम्ही मुद्दाम घालीत नाहीं. ज्या दिवसाची हकीकत सांगावयाची आहे त्या दिवशीं आम्हांस सत्तर वर्षें पूर्ण होत होतीं, आणि त्याच दिवशीं आर्क्टिक वृत्तावर पाऊल ठेवावयाचें असा आमचा संकल्प होता. आमचा आदल्या रात्रीचा मुक्काम टूमस्टोन उद्यानांतील तळावर, म्हणजे ७१ व्या किलोमीटरपाशीं होता. तेथून वृत्त ३३४ किलोमीटर. सारा जन्म शाळेंत वेळापत्रकें करण्यांत घालविलेल्या माणसानें अशा प्रसंगीं काय करावें? आम्हीं एक सुबक वेळापत्रक तयार करून शीतकपाटाच्या दारावर चिकटविलें. साडेआठास प्रस्थान; बारास भोजन; सहास ईगल प्लेन्स; साडेसातास आर्क्टिक वृत्त, छायाचित्र व गोड.

सौभाग्यवतींनीं तें वाचलें आणि एवढेंच विचारलें, "ह्यांत चहा कोठें आहे?"

आम्हीं तो प्रश्न विनोदाच्या सदरांत टाकला. त्यांनीं कॅलगरीहून निघतांना सागवानी दोन पाट बरोबर घेतले होते, ह्याचीही आम्हीं अशीच थट्टा केली होती. मेजावर जेवावयाच्या गाडींत पाट कशाला, असें विचारतां त्या म्हणाल्या होत्या, "घर म्हटलें कीं पाट हवेत. कशाला ते मग कळतें."

सकाळीं सांजा झाला. ह्या उद्यानांत अस्वलांचा वावर असल्यामुळें अन्नाचा कण बाहेर ठेवूं नये असा दंडक आहे. फोडणीचा वास खिडकींतून दरवळत असतां नऊ वर्षांच्या नातीनें शंका काढली, "आजी, अस्वलाला हिंग आवडतो का ग?"

"आवडत असला तर चांगल्या घरचें अस्वल म्हणायचें," आजी म्हणाली. अस्वल आलें नाहीं. डांस मात्र आले, आणि त्यांना कोणत्याही घरचें चालतें असें दिसलें.

तळ सोडल्यावर थोड्याच वेळांत नॉर्थ फोर्क खिंड लागली. उंची सुमारें १३०० मीटर. महाबळेश्वराहून फारशी कमी नाहीं. साम्य एवढ्यावरच संपत नाहीं. महाबळेश्वरास पाऊस पडला कीं कांहीं थेंब सावित्रीच्या वाटेनें पश्चिम समुद्रास जातात, आणि कांहीं कृष्णेच्या वाटेनें पूर्व समुद्रास. ह्या खिंडीच्या दक्षिणेचें पाणी क्लोंडाइक नदींतून युकॉन नदीस मिळून बेरिंग समुद्रास जातें. उत्तरेचें पाणी ब्लॅकस्टोन, पील आणि मॅकेंझी ह्या नद्यांतून आर्क्टिक महासागरास मिळतें. झाडें मागें राहिलीं होतीं. दोन्ही बाजूंस गुडघ्याएवढीं झुडपें, पांढऱ्या कापसाचे गोंडे मिरविणारें गवत, आणि पलीकडे काळ्या सुळक्यांचे डोंगर. ह्या प्रदेशाच्या उत्तर भागांत मागील हिमयुगांतही हिमनद्यांचें आवरण नव्हतें. त्यामुळें पुढचे डोंगर हिमानें खरवडलेले नसून नुसत्या वाऱ्यापावसानें झिजलेले, गोल माथ्यांचे असे दिसतात. हिंवाळ्यांत पॉर्क्युपाइन कळपांतील कॅरिबू हरिणें हजारोंनीं इकडे उतरतात. जूनमध्यें तीं उत्तरेस समुद्राकडे गेलेलीं असल्यानें आम्हांस त्यांचें दर्शन घडलें नाहीं.

रस्त्याची रचना चिरंजिवांनीं समजावून सांगितली. येथें उन्हाळ्यांत जमिनीचा वरचा थोडासा थर तेवढा वितळतो; खालची माती बारा महिने गोठलेलीच असते. ती खणून रस्ता केला तर आंतील बर्फ वितळून रस्ता चिखलांत बसावयाचा. म्हणून इंजिनिअरांनीं खणण्याऐवजीं भर घातली. वरचें गवत व शेवाळ तसेंच राहूं देऊन त्यावर १.२ पासून २.४ मीटरपर्यंत जाडीचा खडीचा थर पसरला. आमच्या लहानपणीं बर्फाची लादी भुशांत गुंडाळून ठेवीत, त्यांतलाच हा प्रकार. भुसा लादीस थंड ठेवी, तशी ही खडी जमिनीस थंड ठेवते. तरीही कोठें कोठें जमीन खालून सैल होतेच. अशा ठिकाणीं काळ्या स्प्रूसचीं झाडें मद्य प्याल्याप्रमाणें एकमेकांच्या अंगावर कललेलीं दिसतात. हवा उष्ण होत चालल्यामुळें रस्ता राखणाऱ्यांचें हें काम अलीकडे अधिकच अवघड झालें आहे.

आतां खडीविषयीं. ती नदींतल्या गोट्यांसारखी गोलसर नसून पाटीच्या दगडाच्या कपच्यांसारखी धारदार आहे. म्हणून येथें जाणाऱ्यानें दोन स्टेपन्या घ्याव्या असें जाणते सांगतात, आणि त्याप्रमाणें दोन स्टेपन्या आमच्या गाडीच्या मागें बांधलेल्या होत्या. मोटारघराच्या मागच्या बाजूस एकेका अंगास दोन दोन चाकें जोडीनें असतात. त्यांतील आंतलें चाक बाहेरून दिसत नाहीं. पुढची हकीकत समजण्यास हें लक्षांत ठेवणें अवश्य आहे.

भोजन एंजिनिअर क्रीक नांवाच्या ओढ्याकांठीं झालें. ह्या ओढ्याच्या कांठचे दगड लोखंडाच्या गंजानें तांबडे झाले आहेत, आणि जवळच गंधकाचे झरे असल्यानें हवेंत उग्र दर्प असतो. पुढें ओगिल्व्ही नदीवरील पूल कॅनडाच्या सैन्यांतील इंजिनिअरांनीं १९७१ सालीं बांधला. ओढ्याचें नांव सार्थ व्हावें असाच हा योग. आम्हीं हें सर्व प्रवासाच्या पुस्तकांतून वाचून ठेवलें होतें, आणि मेतकूटभाताच्या सोबतीस मंडळींना व्याख्यानही दिलें होतें.

पूल ओलांडून अर्धा तास झाला असेल. मागच्या पलंगावर बसून मटार सोलीत असलेल्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, कांहीं तरी जळल्याचा वास येतो आहे. रबर जळल्यासारखा."

आम्हीं मान न वळवितां उत्तर दिलें, "गंधक तो. मघाशींच नाहीं का सांगितलें?"

"गंधकाचा वास मला ठाऊक आहे. हा तो नव्हे. आणि खालीं कांहीं तरी फडफडतेंही आहे."

चिरंजिवांनीं वेग कमी केला. "बाबा, थांबून पाहूं का?"

आम्हीं शीतकपाटाकडे पाहिलें. वेळापत्रकाप्रमाणें आम्ही पंचवीस मिनिटें मागें होतों. रस्ता अरुंद, कडा मऊ, बाहेर डांसांचे थवे. आणि पन्नास वर्षें जिच्याशीं संसार केला तिला वासाचा भ्रम होतो अशी आमची जुनी समजूत. आम्हीं म्हटलें, "पुढें घाट चढला कीं मोकळी जागा आहे असें पुस्तकांत दिलें आहे. तेथें थांबूं." सौभाग्यवती पुनः बोलल्या नाहींत. त्यांचें तें गप्प बसणें आम्हांस त्या वेळीं संमतीसारखें वाटलें.

मोकळी जागा गांठण्यापूर्वींच, ओगिल्व्हीच्या पठारावरचा चढ संपतां संपतां, बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला आणि घर एका अंगास कललें. मोरीवरचीं भांडीं खालीं आलीं. नात रडूं लागली. चिरंजिवांनीं गाडी मोठ्या कौशल्यानें सरळ ठेवली. उजवीकडे कांठ सुटला असता तर पुढें काय झालें असतें तें लिहिण्याची आवश्यकता नाहीं. उतरून पाहतों तों मागच्या जोडींतील आंतल्या चाकाच्या टायरच्या चिंध्या झाल्या होत्या. तो किती तरी आधीं सपाट झालेला होता. त्याचा सारा भार बाहेरच्या टायरनें एकट्यानें वाहिला, तापला, आणि अखेर फुटला. पहिली इजा झाली तेव्हांच थांबलों असतों तर एकच टायर गेला असता. रबर जळत होतें तें खरेंच जळत होतें, आणि फडफडतें म्हणत होत्या तें खरेंच फडफडत होतें.

त्या ओसाड माथ्यावर चहूंकडे शेंकडों मैल घर दिसत नव्हतें. चिरंजिवांनीं उपग्रहामार्फत संदेश पाठविण्याचें एक लहान यंत्र घेतलें होतें. परंतु संदेश गेला तरी मदत येण्यास अर्धा दिवस लागणार. जॅक लावला तर तो खडीच्या मऊ कडेंत रुतूं लागला. गाडी वर जाण्याऐवजीं जॅकच खालीं जाई. खालीं घालावयास फळी पाहिजे होती. फळी कोठची? तेव्हां सौभाग्यवती आंत गेल्या आणि ते दोन सागवानी पाट घेऊन बाहेर आल्या. त्यांनीं ते एकावर एक ठेवले आणि बाजूस झाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर "सांगितलें होतें ना" असा भाव आम्ही शोधीत होतों. तो तेथें नव्हता, आणि तो असता तर आम्हांस अधिक बरें वाटलें असतें.

इतक्यांत दक्षिणेकडून धुळीचा लोट आला आणि एक लहान मालमोटार आमच्यापाशीं थांबली. ह्या रस्त्यावर अडलेल्या वाहनापाशीं थांबल्याशिवाय कोणी पुढें जात नाहीं. आंत चाळिशीचे एक गृहस्थ आणि त्यांच्या वृद्ध मातोश्री होत्या. तीं दोघें ग्विचिन लोकांपैकीं. व्हाइटहॉर्सहून आपल्या फोर्ट मॅकफर्सन गांवीं परत चाललीं होतीं. ह्या डोंगरांत ग्विचिनांचे पूर्वज रस्ता होण्याच्या कित्येक शतकें आधींपासून कॅरिबूंच्या मागें फिरत आलेले आहेत. त्या गृहस्थांनीं अधिक चौकशी केली नाहीं. बाह्या सरसावल्या, लांब दांड्याचा पाना काढला, आणि चिरंजिवांबरोबर कामास लागले. चाकाचे बोल्ट इतके घट्ट बसले होते कीं दोघांना पान्यावर उभें राहावें लागलें. वरचा पाट कडकन् उभा चिरला. खालचा मात्र टिकला. दोन्ही चाकें चढवून होईपर्यंत अडीच तास गेले, आणि दोन्ही स्टेपन्या संपल्या.

तेवढ्या वेळांत सूनबाईंनीं चहा केला. सौभाग्यवतींनीं बेसनाचे लाडू काढले. त्या वृद्ध बाईंनीं लाडवाचा तुकडा तोंडांत टाकून डोळे मिटले, मग दुसरा मागून घेतला, आणि आपल्या पिशवींतून रानांत गोळा केलेली एक वाळकी वनस्पति काढून दिली. तिचा चहा खोकल्यावर देतात म्हणे. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, आणि इंग्रजीही दोघींची बेतांचीच. तरी आम्ही पाहतों तों त्या दोघी मालमोटारीच्या आडोशास बसून गुडघेदुखीविषयीं बोलत होत्या.

काम संपल्यावर त्या गृहस्थांनीं सगळ्या चाकांभोंवतीं एक फेरी घातली, प्रत्येकावर लाकडी दांडका मारून आवाज ऐकला, हात लावून ऊब पाहिली, आणि चिरंजिवांस म्हणाले, "दर तासाला असें करीत चला. आणि मागें बसलेल्या माणसाला विचारीत जा. गाडीचें दुखणें मागच्याला आधीं कळतें."

चिरंजिवांनीं आमच्याकडे पाहिलें नाहीं. तेवढी मर्यादा त्यांनीं राखली.

राहिलेले शंभरावर किलोमीटर आम्ही त्या मालमोटारीच्या मागून, ताशीं चाळीसच्या वेगानें कापले. आम्ही मेजापाशीं गप्प बसून होतों. हा रस्ता ज्यांच्या नांवानें ओळखला जातो त्यांची कथा आम्हांस पाठ होती. पण ती आमच्याविषयीं आहे असें त्या दिवसापर्यंत वाटलें नव्हतें.

२१ डिसेंबर १९१० रोजीं फोर्ट मॅकफर्सनहून इन्स्पेक्टर फिट्झजेराल्ड तिघां सोबत्यांसह डॉसनकडे निघाले. कॅनडाच्या घोडेस्वार पोलीस दलाची ही हिंवाळ्यांतील नेहमींची फेरी होती. अंतर सुमारें ७६५ किलोमीटर, आणि वाहन कुत्र्यांच्या घसरगाड्या. फेरी विक्रमी वेगानें पुरी करावी अशी फिट्झजेराल्ड यांची ईर्षा होती. ओझें हलकें राहावें म्हणून त्यांनीं शिधाही बेताचाच घेतला. वाटेंत एसॉ जॉर्ज नांवाच्या ग्विचिन गृहस्थानें कांहीं दिवस त्यांस वाट दाखविली. नव्या वर्षाच्या आरंभींच त्याचें काम संपलें असें समजून त्यास परत पाठविण्यांत आलें. पुढें वाट दाखविण्याचा भार त्यांच्यांतल्याच एकावर पडला. त्यानें तो प्रवास पूर्वीं एकदांच, आणि तोही उलट दिशेनें, केला होता. ज्या ओढ्याच्या कांठानें वळावयाचें तो ओढा त्याला सांपडला नाहीं. आठवडाभर शोध करूनही वाट मिळेना, तेव्हां ते परत फिरले. अन्न संपलें, घसरगाड्यांचीं कुत्रीं मारून खाण्याची पाळी आली, आणि चौघांपैकीं एकही जण वांचला नाहीं. शेवटचे दोघे फोर्ट मॅकफर्सनपासून अवघ्या ४० किलोमीटरांवर पडले होते. २८ फेब्रुवारी १९११ रोजीं कॉर्पोरल डेम्पस्टर डॉसनहून शोधास निघाले, आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास त्यांना तीं प्रेतें सांपडलीं. डेम्पस्टर हे अनुभवी होते. तरी त्यांच्याबरोबर चार्ली स्टुअर्ट हा ग्विचिन वाटाड्या होता, आणि त्याला त्यांनीं वाटेंतून परत पाठविलें नव्हतें.

फिट्झजेराल्ड भित्रे नव्हते, अज्ञही नव्हते. त्यांच्यापाशीं धैर्य होतें, नकाशाची माहिती होती, कर्तव्यबुद्धि होती. ज्याला वाट ठाऊक होती तो मनुष्य हाताशीं असतां त्याची गरज संपली असें त्यांनीं ठरविलें, एवढीच चूक. आमच्यासारख्या शिकलेल्या घरांतून ही चूक रोज होत असते. तिच्यानें कोणी मरत नाहीं, म्हणून ती चूक वाटत नाहीं. दुधाचा हिशेब, मुलाचा ताप, जांवयाचा स्वभाव, भिंतीची ओल, ह्या गोष्टी घरांत ज्यांना आधीं कळतात त्यांचें आपण ऐकतों, मान डोलवितों, आणि पुस्तकांत काय दिलें आहे तें त्यांस सांगतों. आम्हीं त्या दुपारीं एका वाटाड्यास मजुरीसुद्धां न देतां परत पाठविलें होतें.

रात्रीं साडेआठास ईगल प्लेन्स आलें तेव्हां पाऊस सुरू झाला होता. सराईतील टायरवाल्यानें दोन्ही जुने टायर पाहून मान हालविली. त्यांचें कांहीं होण्यासारखें नव्हतें. मात्र कोणा प्रवाशानें मागें टाकलेला त्याच मापाचा एक टायर त्याच्यापाशीं पडून होता. तो सकाळीं चढवून देतों म्हणाला. बाहेर लख्ख उजेड. जूनअखेर ह्या अक्षांशावर रात्रीं अंधार पडतच नाहीं. वृत्त अवघ्या ३६ किलोमीटरांवर. आमचा जन्मदिवस संपण्यास अजून तीन तास. मंडळी मेजाभोंवतीं बसली. चिरंजिवांचे डोळे लाल झाले होते, पण ते म्हणाले, "बाबा, तुमची इच्छा असेल तर जाऊं. तासाभराचें काम आहे." सूनबाई नातीच्या वेण्या सोडीत होत्या, त्यांनीं वर पाहिलें नाहीं. सर्वजण आमच्या उत्तराची वाट पाहत होते. घरांत ही रीतच आहे.

आमच्या तोंडीं "जाऊं" हा शब्द आला होता, हें येथें कबूल करणें प्राप्त आहे. तो गिळून आम्ही सौभाग्यवतींकडे वळलों आणि म्हटलें, "तुम्हांला काय वाटतें?"

त्यांनीं प्रथम मागें पाहिलें; हा प्रश्न दुसऱ्या कोणास असावा असें त्यांना वाटलें. पन्नास वर्षांत आम्हीं त्यांस "तुम्ही" म्हटल्याचा तो बहुधा पहिलाच प्रसंग. मग त्या नेहमींच्याच आवाजांत म्हणाल्या, "उजेड आहे म्हणून कांहीं दिवस होत नाहीं. त्यानें बारा तास गाडी हांकली आहे. रस्ता ओला, स्टेपनी नाहीं. आज जेवूं आणि निजूं. सकाळीं टायर घेऊं. त्या बाई म्हणाल्या, त्यांची गाडी नऊला निघणार आहे. त्यांच्या मागून हळू हळू जाऊं. राहतां राहिला वाढदिवस. आपल्याकडे तो तिथीनें करतात, आणि तुमची तिथि अजून यावयाची आहे. मी पंचांग पाहून ठेवलें आहे."

कोणी कांहीं बोललें नाहीं. नंतर नात मोठ्यानें हंसली, आणि तिच्यामागून आम्ही सर्व.

त्या रात्रीं मटाराची उसळ झाली. तीच ती, सोलतां सोलतां जळका वास आला होता ती. पाऊस छपरावर वाजत होता. पडदे ओढले तरी कडांमधून उजेड आंत येत होता. आम्हांस बराच वेळ झोंप आली नाहीं. उठून शीतकपाटाच्या दारावरचें वेळापत्रक हळूच काढलें. फाडून टाकणार होतों, पण पाठ कोरी होती, म्हणून तें सौभाग्यवतींच्या उशाशीं पेन्सिलीसह ठेवलें.

दुसऱ्या दिवसाची हकीकत लांबविण्याचें कारण नाहीं. आर्क्टिक वृत्ताच्या पाटीपाशीं आम्ही सुखरूप पोंचलों. ढग फाटून रिचर्डसन डोंगर निळे दिसत होते. चिरलेला पाट सौभाग्यवतींनीं टाकूं दिला नाहीं. तो आज कॅलगरीस देव्हाऱ्याखालीं आहे. वाटेंत गाडी दर तासाला थांबत होती, चाकांना हात लावला जात होता, आणि प्रत्येक वेळीं चहा होत होता. त्या दिवशींचें वेळापत्रक कोणी केलें होतें, हें वाचकांनीं आतां ओळखलेंच असेल.